राखीव

टपरीवर, वहीचं पान फाडून
आम्ही पेठेतले खेळाडू वाटून घेत होतो, पाळीपाळीनं.
पहिल्याच फेरीत विश्वजीत गेला.
मग ज्यांच्या नावानं शाहू स्टेडियमची गॅलरी ओरडते
ते सगळे गेले.

चौथ्या फेरीत मी म्हटलं, बागणे.
"बाकड्यावरचा? आत्ताच?
शेवटी फुकट मिळाला असता की, लेका!"

मिळाला असता.
पण विश्वजीत आमच्याच जिन्यात राहतो.
उतरताना हल्ली आधी कठडा धरतो,
मग डावा पाय.
आणि बागण्याचे बूट:
तीन सामन्यांत चिखलाचा थेंब नाही,
तरी रोज रात्री पुसतो.

रविवारी, बासष्टाव्या मिनिटाला,
विश्वजीत खाली बसला.
बागण्या उठला, मोजे वर ओढले.

सगळे माझ्याकडं बघून टाळ्या वाजवाय लागले.
मी खिशातल्या खिशात
ते पान चुरगाळत होतो.