सात पॉइंट चार

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात
मी भाजी निवडत नाही.
पंचफुला टाकेल ती पिशवीत येते.
एप्रिलात चिवळ : "ने मॅडम, पहाटेच खुडली,
ऑटोत मांडीवर घेऊन आली मी."
चिवळीला माती फार. तीन पाण्यांनी धुतली
तरी दाताखाली कचकन एक खडा सापडतोच,
तेवढं ती सांगत नाही.
सांगते, "लसूण हात सोडून घाल, बेसन वरून पेर,
आन् झाकण ठेवू नको, रंग जाते."

दिवसभर मी लाल रंग मोजते.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका टेबलावर,
नळ्यांना चिकटवलेली नावं :
नऊ पॉइंट एक, आठ पॉइंट सहा,
पहिलटकरणी, शाळेतल्या पोरी, धुणीभांडीवाल्या.
डॉक्टर लिहितात, हिरव्या पालेभाज्या खा.
कोणती, कशी, कुणाच्या पैशानं,
एवढं त्या चिठ्ठीत मावत नाही.
ते मी सुई टोचताना बोलत राहते,
दुखणं तिकडे जाऊ नये म्हणून :
माळ्यावर लोखंडी कढई असेल तर उतरवा.
आधी धुवा, मग चिरा;
चिरून धुतली की सत्त्व मोरीत.
वरून लिंबू पिळा, अर्धं पुरे.
आणि जेवणावर लगेच चहा नको, ताई,
भाजीतलं लोह तो अंगी लागू देत नाही.
त्या मान डोलावतात. कापूस दाबत बाहेर जातात.
फाटकाशी टपरी आहे.
तिथे त्यांचे नवरे
दोन कट सांगून उभे असतात.

पावसाळा सरता सरता एक नळी आली.
पंचफुला निकोडे, वय एकावन्न.
नाव वाचूनही लक्षात आलं नाही;
बाजारात तिला आडनाव नसतं.
आकडा पाहून मी नळी पुन्हा लावली.
सात पॉइंट चार.

बाकावर तीच बसली होती,
टोपली नसल्यामुळे हात कुठे ठेवावे ते न कळून.
नखांच्या कडा हिरव्याकाळ्या,
नखं मात्र कागदासारखी.
"उभी राह्यली का अंधारी येते, मॅडम."
खातेस काय?
"सकाळी चहा-टोस्ट. दुपारी मिळाले तर पोहे."
आणि भाजी?
ती हसली. "भाजी तर मी इकतो ना."
उरलेली?
"उरली तं गाईले. रातच्या दहाले निवडत कोन बसते?"

वीस वर्षं ती मला लोह विकत होती,
दहा रुपयाला जुडी, वरून सांबाराच्या चार काड्या फुकट.
गोळ्या दिल्या, इंजेक्शनं लिहिली.
लिंबाचं, कढईचं, चहाचं
तोंडाशी आलं होतं. गिळलं.

पुढच्या बुधवारी तिचीच अंबाडी शिजवली.
उकळून पिळली, तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या घातल्या,
घोटली, हात भरून आला तरी घोटली.
जवसाच्या तेलात लसूण लाल होऊ दिला,
दोन सुक्या मिरच्या, चर्रर्र.
भाकरी माझी नेहमी कडेला फाटते. तशीच नेली.

बॅटरीच्या दिव्याखाली तिनं डबा उघडला,
आधी वास घेतला, मग बोटानं चाटलं.
"मीठ कमी."
दुसरा घास. "पानी फेकलं?"
थोडं.
"थोडं म्हनजे?"
सगळं, मी म्हटलं.
"मंग! खाटं व्हते म्हून सारं फेकाव काय?
अर्धं ठेवाचं, वरनात जाते."
मला, रोज तेच सांगणारीला,
कान लालभडक होईस्तोवर तिनं ऐकवलं,
आणि भाकरीचा फाटका तुकडा
कण्यांत बुडवून चोखून खाल्ला.

तेवढ्यात स्कूटरवरून एक जण,
एक पाय खाली, इंजिन चालूच :
"मेथी कशी दिली?"
पंचफुलानं वर पाहिलं नाही.
डावा हात नुसता उंच केला.

"थांब ना बाप्पा,
जेवून राह्यली मी."