कुठला गहू

उदगीरला, बसस्टँडच्या मागं, कॉम्प्लेक्सच्या तळघरात
माझ्यासमोर तीन पडदे असतात.
डावीकडं जुना डब्बा, दसऱ्याचं हळदकुंकू अजून कपाळाला,
मधला हैदराबादहून पोत्यात गुंडाळून आणलेला,
उजवीकडं अप्पांचा नवा, गिऱ्हाइकाकडं तोंड करून.

फोटो एकच उघडतो मी, तिघांवर.
कावेरी बिरादार, वय अठ्ठावीस, स्थळासाठी.
डब्ब्यावर ती हळदीतून उठून आल्यासारखी,
मधल्यावर सावळी, जराशी निळसर, ताप उतरल्यावर माणूस असतं तशी,
नव्यावर इतकी गोरी की नाकाची कडच विरघळली.

तिचे वडील खुर्चीतून वाकतात.
"आसं कामून दिसालंय ओ? पोरगी एकच हाय की."
ते वाकताक्षणी मधली कावेरी आणखी काळवंडते.
तो पडदाच तसा,
खालून बघणाऱ्याला एक सांगतो, समोरच्याला दुसरं.

काका, फाईलीत रंग नसतोच.
आकडे असतात. गालाच्या ह्या ठिपक्याला
लाल एकशे शहाऐंशी, हिरवा एकशे बत्तीस, निळा सत्त्याण्णव.
बस. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.
एकशे शहाऐंशी म्हणजे किती लाल
हे ज्याच्या त्याच्या दिव्याच्या वयावर.
डब्ब्याचा निळा थकलाय, अर्ध्यातच त्याला धाप लागते.
नव्याला कंपनीनंच ओरडायला शिकवून पाठवलंय,
शोरूममध्ये शंभरांत उठून दिसायचं असतं त्याला.
चिठ्ठी एकच, काका.
ती देगलूरचा वाचतो, औशाचा वाचतो,
भालकीचा वाचतो हेल काढत.
अक्षर कुणीच बदलत नाही.

फाईलीच्या पोटात एक ओळखपत्रही असतं,
'माझा लाल म्हणजे अमका लाल' असं लिहिलेलं.
डब्बा ते उघडूनसुद्धा बघत नाही.

हे सगळं मी बोललो नाही.
"दिव्याचा फरक हाय," एवढंच म्हणालो.

अप्पा गल्ल्यावरून म्हणाले, गव्हाळ कर अन् दे.

गव्हाळ.
कुठला गहू, अप्पा? बन्सी का लोकवन?
ओंबीतला, का पोत्यातला,
का परातीत मळून झाकून ठेवलेला?

तेवढ्यात ती स्वतःच जिना उतरून आली,
हेल्मेट काखेत, पायाला शेताची माती.
माती परीक्षण केंद्रात असते म्हणे.
तिनं दोन पडद्यांच्या मधोमध आपला हात धरला.
ट्यूबलाइटखाली तो हात हिरवट दिसला.
चौथाच.

"आमच्याकडं," ती म्हणाली,
"मातीचा रंग लिहायचा तर आधी लिहावं लागतं,
ओली का कोरडी.
मग तक्ता घेऊन बाहेर जायचं, सूर्य पाठीशी ठेवून.
ढेकूळ तेच. पाणी शिंपडलं की तक्त्यात दुसऱ्याच घरात जाऊन बसतं.
आम्ही दोन्ही लिहितो."

"ती माती हाय बाई," वडील म्हणाले.

"हाव," म्हणाली, आणि माझ्याकडून आकडे मागून घेतले.
बायोडाटावर 'वर्ण' पुढं अप्पांनी टाइप केलेलं गव्हाळ
एका रेघेत खोडलं,
माझ्याच पेनानं वर लिहिलं:
१८६, १३२, ९७. कोरडी.

वडील हसले का नाही ते मला कळलं नाही,
ते डब्ब्यात बघत होते.

फोटो गेला निलंग्याला, कुणाच्या तरी मोबाइलवर.
रात्री उघडला असेल तर
डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळा केलेल्या काचेवर.
कुणाच्या आईनं बोटानं मोठा करून बघितला असेल.
तिथं काय दिसलं, मला माहीत नाही.

दुकान बंद करताना तिन्ही पडदे विझवतो.
वाटतं, आता तरी सारखे होतील.
पण डब्बा विझून राखाडी होतो,
मधला काळा, नवा त्याहून काळा,
आणि तिघांत मी, वेगवेगळा, डब्ब्यात तर गाल फुगलेला.
माझ्या बायोडाटात ती ओळ होती का,
आठवत नाही.