पाच चौकटी मागे

पुंता आरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
जूनमध्ये सकाळी दहाला उजाडतं.
बाबा इकीकेला, वाळवंटाच्या काठावर, बंदरात कामाला.
देश एकच, पण हिवाळ्यात त्याचं घड्याळ
माझ्या एक तास मागे असतं
आणि त्याची बोटं, माझ्या पडद्यावर, पाच चौकटी मागे.

रविवारी रात्री आम्ही मारामारी करतो.
जुना खेळ. दोन पैलवान, एक पूल, मागे लाल सूर्य.
त्याचा ठोसा इथवर पोचेपर्यंत थांबायचं
तर चिखलात खेळल्यासारखं होतं.
म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला, जो थांबत नाही.
तो धरून चालतो, बाबाने मघाशी जे दाबलं
तेच तो अजून दाबून आहे.
बहुतेक वेळा हे खरं निघतं.
मग खरी बातमी येते,
अंदाज चुकला असेल तर प्रोग्रॅम मागे जातो,
झालेलं पुसतो, पुन्हा घडवतो, परत येतो,
पापणी लवायच्या आत.
पडद्यावर पैलवान किंचित दचकतो फक्त,
झोपेत कुणी नाव घेतल्यासारखा.

त्याच वर्षी माझी मनगटं गेली.
डॉक्टर ओयार्सो म्हणाली, टायपिंग कमी कर.
मी कमी केलं नाही, अक्षरं हलवली.
नव्या मांडणीत सगळे स्वर डाव्या हाताखाली,
जुन्या धक्क्यावरच्या पाणकावळ्यांसारखे ओळीत.
चाळिशीत हाताला नवं वळण लावायचं म्हणजे
मिनिटाला नऊ शब्द, स्वतःचं नाव लिहिताना घाम.
सरावाला एक छोटं साधन केलं,
जे अक्षर चुकतं तेच पुन्हा पुन्हा पुढ्यात टाकणारं,
खाष्ट मास्तरीणबाईसारखं.
दोन्ही उघडी ठेवली. ज्याला हवी त्याने न्यावी,
सुधारावी, शिव्या द्याव्या.

मेअखेर बाबाचा पैलवान फार दचकायला लागला.
मला वाटलं, चूक माझी.
उडी मारली की मोठी लाथ, ही त्याची वीस वर्षांची खोड
मी मुद्दाम प्रोग्रॅमला शिकवली होती.
तीन रात्री नोंदी उपसल्या.
प्रोग्रॅम दर वेळी म्हणत होता, आता लाथ.
लाथ येत नव्हती.
मार्चमध्ये तो तीन रविवार आला नव्हता, जादा पाळी म्हणून,
आणि परत आल्यापासून
ती लाथ एकदाही आली नव्हती.
शेजारचं बटणही गप्प.
कोडमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

फोनवर तो आधी हवेबद्दल बोलला.
मग म्हणाला, तारेचा दोर तुटला.
उजवी करंगळी, आणि तिच्या शेजारचं.
हरायचो तर मी आधीही, म्हणाला,
तुला कळायचं काही कारण नव्हतं.

सहा रविवार मी जिंकले होते
आणि सहाही वेळा म्हणाले होते, म्हातारा झालास.
पाच चौकटी पुरल्या नसत्या.
आणि ते रविवार मी कुठे जपूनही ठेवले नव्हते.

आठ बोटांची मांडणी करायला अकरा दिवस लागले.
उजव्या कडेची अक्षरं तर्जनीकडे सरकवली,
मोठी लाथ अंगठ्याखाली आणली,
तिथली जागा तशीही सगळ्यांचीच वाया जाते.
खोडीची ती ओळ काढून टाकली.
हेही उघडं ठेवलं. कुरिटिबाहून एका बाईने विचारलंय,
सात बोटांचं काही आहे का, डावीकडे तीन नाहीत.
अजून नाही. बसले आहे त्यावर.

काल बाबा सरावाला बसला. मिनिटाला चार शब्द.
कर्सर अडायचा, चालायचा, पुन्हा अडायचा.
बाहेर दोर वाऱ्यात वाजत होते.
त्याला काय म्हणायचंय हे मला तीनदा कळलं,
तिन्ही वेळा मी हात मांडीवर ठेवले.
मग आलं:
यास्ना, तुझ्या मास्तरीणबाईला सांग,
ह आता येतो मला.
पुढचं दे म्हणावं.