सुकती

आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात.

बांबोळी, खाट अकरा.
बाबांच्या दंडाभोवती मी टेप गुंडाळते:
एकवीस पूर्णांक चार.
चवथीला तेवीस होतं.

याच दंडानं कुष्टा मानशेकारानं
चोडणच्या बांदावर
चाळीस वर्षं सुकतीचं जाळं ओढलं,
कंदिलाच्या उजेडात, कमरेइतक्या चिखलात.

'गाठ पोटात,' ते विचारतात,
'मग हात का जातोय?'

मी शिकलेली. सांगते:
मायोस्टॅटिन नावाचं एक प्रथिन असतं.
स्नायू ते स्वतःच बनवतो
आणि स्वतःलाच म्हणतो, पुरे.
ते नसलं तर?
बेल्जियमला तसे बैल आहेत,
अंगावर मांसाचे ढीग,
वासरू पोट कापून काढावं लागतं.

'धिरयोत धावायचा नाही तो,'
बाबा म्हणतात, आणि खोकतात.

पण आजारात, बाबा,
ते पुरे, पुरे म्हणतच राहतं.
त्याची भावंडंही सूर धरतात.
मग नवं बांधणं थांबतं
आणि बांधलेलं उसवायला लागतं,
धागा धागा,
कितीही पेज पाजली तरी.

बराच वेळ ते पंख्याकडे बघतात.

'मानशीला बोल लावू नये, बाय.
भरतीला मिटायचं, सुकतीला उघडायचं,
पाणी सांगतं तेवढंच दार करतं.
एका वर्षी सुंगटांच्या हव्यासानं
कुणी दाराला पाचर मारली.
खारं आत आलं.
तीन वर्षं कोरगुटसुद्धा उगवला नाही.
आम्ही मात्र दारालाच शिव्या घालत होतो.'

पाचर काढायचं औषध आहे का, ते विचारत नाहीत.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
उंदरांचे दंड भरले.
माणसांत मांस थोडं वाढलं,
जिना होता तेवढाच उंच राहिला.

पकड मोजायचं यंत्र त्यांच्या मुठीत देते.
दाबा.
काटा हलतो, अकरावर थांबतो.
'किती वाजले?'
साडेचार.
'पाणी वळलं असेल,' ते म्हणतात,
आणि मूठ सोडायची विसरतात.

जाण्याआधी मी पुन्हा मोजते.
वीस पूर्णांक सहा.
मघाशी टेपखाली माझं बोट राहिलं होतं.

कागदावरचं एकवीस पूर्णांक चार
मी खोडत नाही.