चहात बुडवलेले पडदे

वर्ना ताकेमोतो पांढऱ्या रंगाला घाबरायची.
बरबँकच्या नऊ नंबर स्टेजवर, माझ्या पहिल्याच दिवशी,
तिनं कोमट चहाची बादली पुढ्यात सरकवली
आणि म्हणाली, बुडव.
पडदे, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे,
बापाचे शर्टसुद्धा.
पांढरं कॅमेऱ्यात पेटतं,
मग लोक विनोद सोडून शर्ट बघत बसतात.

दुपारभर मी एका नसलेल्या कुटुंबाचं धुणं
उलटं धूत राहिलो,
स्वच्छ होतं ते जरासं मळवत.

ते घर असं:
सोफा भिंतीशी नाही, मधोमध,
कारण धाकटा चोरपावलांनी यायचा तो मागूनच.
जेवायला पाच माणसं,
पण टेबलाच्या एका बाजूला अकरा वर्षांत
कुणी म्हणून बसलं नाही.
जिना नऊ पायऱ्यांचा.
रागावून वर गेलेली मुलगी
भिंतीमागच्या फळीवर सँडविच खात
खाली यायच्या वाक्याची वाट बघायची.
छत नव्हतंच.
छताच्या जागी इम्रेचे दिवे.

इम्रे बुडापेस्टचा.
तरुणपणी सावल्या पाडायला शिकलेला
आणि इथे पोटासाठी सावल्या पुसणारा.
डोळे दिसले नाहीत तर हसू येत नाही,
निर्माता दर सोमवारी बजावायचा.
मग इम्रे शिडीवर चढून
नाकाखालची, हनुवटीखालची एकेक सावली
तांदळातल्या खड्यासारखी वेचून काढायचा.
स्वयंपाकघरात सकाळ. दिवाणखान्यात सकाळ.
रात्रीचा प्रसंग असला
तर निळी सकाळ.

आणि वर्ना त्या उजेडात
राहतं घर मांडत बसायची.
दाराच्या मुठीभोवती बोटांचा काळपटपणा,
ब्रशनं, दर आठवड्याला थोडा जास्त.
ड्रॉवरमध्ये रबरबँडं, संपलेले सेल, कुठलीच नसलेली किल्ली,
जो ड्रॉवर कुणी उघडणार नव्हतं.
फ्रिजवर चुंबकाखाली दंतवैद्याचं कार्ड.
त्याच्यावरची तारीख ती दर मंगळवारी बदलायची.
कॅमेऱ्याला ते कार्ड म्हणजे एक ठिपका.
मी विचारलं, कशाला?
कोरीनला दिसतं, म्हणाली,
दूध काढायला येते तेव्हा.

कोरीन म्हणजे त्या घरातली आई.
खिडकीजवळच्या मोहरी रंगाच्या खुर्चीत बसून
सगळ्यांचे बेत हाणून पाडणारी.
सातव्या वर्षी, फेब्रुवारीत, ती गेली.
लेखकांनी चार दिवस खाली मान घालून
एक भाग लिहिला.

रंगीत तालमीला निर्माता थबकला.
तो खिडकीतला दिवा का बंद?
बल्ब गेलाय का?

शिडीवरून उतरत इम्रे म्हणाला,
हो. गेलाय.
मागवलाय नवा.

पुढची चार वर्षं तो बल्ब येतच होता.

खुर्चीवर अंधार असा नव्हता,
आमच्या त्या झगझगाटात अंधार कुठला टिकायला,
फक्त तेवढ्याच कोपऱ्यात
दुपार कलल्यासारखी.
फ्रिजवरच्या तारखेला मंगळवारी कुणी हात लावला नाही.
लोक त्या आठवड्यातही हसले,
जरा उशिरा,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे.

अकराव्या वर्षी घर मोडलं
दीड दिवसात.
ड्वेननं जिना करवतीनं तीन तुकड्यांत कापला.
खिडकीबाहेरचं झाड सुरळी करून खांद्यावर टाकलं.
मी पडदे उतरवले:
माझा चहा पार उडून गेलेला,
घड्यांच्या आत तेवढा उरलेला, बोटभर,
विटकरी.
म्हणजे इम्रेचं ऊन
नुसतं दाखवायचं नव्हतं तर.

सोफाही विटलेला, गालिचाही.
ती खुर्ची मात्र तशीच, मोहरी,
दुकानातून आजच आणल्यासारखी.
मी ती उचलून ट्रककडे निघालो
तर वर्ना यादीतून मान न काढता म्हणाली,
ती नको त्यांच्यात.
बाजूला ठेव.
आता ती या सेटशी जुळत नाही.