पुढे कोठे

जुन्या आग्रा रस्त्यावर, माजिवड्याच्या अलीकडे,
मेट्रोच्या खांबाला पाठ टेकून उभी आहे ती.
चार खणांची. कौलं गेली, पत्रे आले.
दारावरच्या दगडात अजून वाचता येतं:
‘वाटसरूने तीन रात्रींपेक्षा अधिक राहू नये.
निघताना चुलीतली राख काढून जावे.’
धर्मशाळा बांधणाऱ्याचं नाव खाली होतं,
त्यात कुणीतरी चुना भरलाय.

ओहोटीला कशेळीची तर चिखलात बसायची,
मग गाड्या इथे सुटायच्या.
मिठाच्या गोणी, भिवंडीचं सूत,
आणि बैल, भरती येईपर्यंत रवंथ करत.

राखणदार बाळोजी तरे.
त्याची वही माझ्याकडे आहे,
पाण्यात पडलेल्या पावासारखी फुगलेली.
रकाने चार: नाव. गाव. बरोबर काय. पुढे कोठे.

‘हसन कासम, मुंब्रे. दोन बैल, पैकी एक आंधळा. पुढे नाशिक.’
‘गोसावी, नाव सांगत नाही. चिमटा. पुढे विचारले, हसला.’
‘बाई. मूल पाच महिन्यांचे, ताप. पुढे माहेर.’
त्याखाली वेगळ्या शाईत:
‘मूल नाही. बाई परत सासरी.’

प्लेगच्या साली पानं एकमेकांना चिकटलीत.
ती मी सोडवलेली नाहीत.

पान एकशे बारा.
‘यमुना, जव्हारकडची. एक कळशी.’
चौथा रकाना कोरा.
चौथ्या सकाळी बाळोजीने
दगडाकडे बोट दाखवलं असेल,
ती म्हणाली असेल, मला कुठं वाचता येतं?
पुढचं वहीत नाही. पुढचे आम्ही.

पूल झाला, तर गेली.
ट्रक थांबेनात. पुढच्या खणात
रेशनचं दुकान आलं, मग पंक्चरवाला,
आता मोबाईलची कव्हरं, प्रत्येकी पन्नास.

काल रुंदीकरणाचा माणूस आला,
घामाने कॉलर काळी झालेला, भला माणूस.
भिंतीवर लाल रंगाने आकडा टाकला,
अर्ज माझ्या हातात दिला.
नाव. कधीपासून. माणसं किती.
आणि शेवटी, पर्यायी पत्ता.
‘नसेल तर रेघ मारा,’ म्हणाला.

पेन माझ्या हातात, आणि आत आई
शेगडी उचलून खाली फडकं फिरवत होती.
गॅस येऊन बावीस वर्षं झाली आमच्याकडे.
तरी रोज सकाळी फडकं दारात झटकते,
झटकताना म्हणते,
काढली गं बाई राख.