चौदा नंबर

सोमवारी पावणेसातला
थंडर बेच्या डेपोत नवा नकाशा लागला,
कॉफीच्या यंत्राशेजारी, सेलोटेपने.
सव्वीस बिटांच्या एकवीस झाल्या होत्या.
कुणी काही बोललं नाही.
डोलोरेसने आपलं नाव दोनदा शोधलं,
मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

चौदा नंबर मला आली.
एकोणीस वर्षं ती वाइनो पाक्कलाच्या पायाखालची;
त्याला दिले मॉलमागचे टॉवर,
जिथे दारं नसतात,
एका चावीने उघडणाऱ्या साठ-साठ पेट्या असतात.
"गुडघ्याला बरं," सुपरवायझर म्हणाला.
"हो," वाइनो म्हणाला, "गुडघ्याला बरं."

वही वगैरे त्याने दिली नाही.
पार्किंगमधल्या बर्फात उभा राहून
हातमोजा काढला, बोटांवर मोजलं:
बावीसची तिसरी पायरी हलते.
एकतीसचा कुत्रा पिवळ्या रंगावर भुंकतो, माणसावर नाही.
चाळीसचं पेन्शनचं पाकीट बाईंच्या हातातच द्यायचं,
पेटीतलं मुलगा पळवतो.
मग करंगळी धरून तो बराच वेळ थांबला.
"बाकी कळेल."

बाकी म्हणजे अठ्ठावन्न.
आइली कुउसिस्तो दार उघडून
माझ्या खांद्यामागे बघत राहिली,
मीच कुणाला तरी झाकलंय जणू.
मग एक पाकीट पुढे केलं, चार दिवसांचं, न फोडलेलं.
फिनलंडहून बहिणीचं.
तिला दिसत नाही. मला ती भाषा येत नाही.
उंबऱ्यात उभी राहून मी वाचलं,
काहीही न कळता, अक्षराला अक्षर जोडत.
एका ओळीला ती हसली.
एका शब्दाला थांबवून तो माझ्याकडून
नीट म्हणवून घेतला, शाळेतल्यासारखा.
शेवटच्या ओळीनंतर पत्र घेतलं, हुंगलं,
एप्रनच्या खिशात ठेवलं.

कमरेचं यंत्र दोनदा वाजलं होतं.
संगणकाने अठ्ठावन्नला दिलेत अकरा सेकंद.
मी लावले नऊ मिनिटं.
संध्याकाळी सुपरवायझरने कागद पुढे सरकवला:
थांबण्याचं कारण.
मी लिहिलं, पायरी निसरडी.

वाइनो आता आठलाच निघतो, दोनला परत येतो.
गुडघा खरंच बरा आहे, सांगतो सगळ्यांना.
पण सकाळी पत्रं लावताना
त्याचा डावा हात अजून छातीच्या उंचीला जातो,
जिथे अठ्ठावन्नचा खण होता
तिथे, टॉवर बी, सातवा मजला,
आणि हात तिथेच थबकतो, पत्रासकट.

काल त्याने विचारलं, "तिसरी पायरी?"
"हलते अजून," मी म्हटलं.
मान हलवली त्याने.
आइलीबद्दल त्याने विचारलं नाही.
मीही त्याला विचारलं नाही, तो शब्द काय होता.